राखीव खेळाडूनं थांबावं की जावं?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना दोन-चार ठिकाणी वाक्यं सरळ केली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला ‘अमेरिकेतलं उच्च शिक्षण’ असा विषय दिला होता. त्यावर मी आठ पानं लिहून आणली आहेत. ती खिशात आहेत आणि खिशातच राहू देत. कारण काल रात्री जेवताना आपल्या पी.टी.च्या सरांनी मला ओळखलं ते असं : “तू खो-खोच्या संघात होतास ना? राखीव?” इतक्या वर्षांनी सरांना माझं नाव आठवलं नाही, मार्क तर नाहीच नाही, पण मी राखीव होतो हे बरोबर आठवलं. सगळे हसले, मीही हसलो. बारा जणांचा संघ, नऊ मैदानात, तिघं बाहेर. दोन वर्षं मी त्या तिघांत होतो. हाफ पँट इस्त्रीची असायची आणि सामना संपेपर्यंत इस्त्रीचीच राहायची.

मग सरांनी विचारलं, आता काय करतोस. मी सांगितलं की एका विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो, आणि तिथं खेळाडू विद्यार्थ्यांच्या अभ्यासाकडे लक्ष द्यायला प्राध्यापकांची एक समिती असते, तिच्यावर काही वर्षं होतो. सर म्हणाले, “मग तिकडं राखीव पोरांचं काय होतं?” मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. सरांनी मान हलवली, पण उत्तर पटलं नाही की ते मान अशीच हलवतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. रात्री झोप येईना. म्हणून आज त्याच प्रश्नाचं उत्तर जरा नीट देतो. आठ पानांपेक्षा त्यातच अमेरिकेतलं शिक्षण जास्त कळेल असं मला वाटतं.

आधी खेळ. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो पायानं फारसा खेळत नाहीत. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर कवच, एका वेळी दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा जण. त्यात एक जागा असते क्वार्टरबॅकची. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. तो कुणाला द्यायचा, कुठं फेकायचा, की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्यानं तीन-चार सेकंदांत ठरवायचं, आणि समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असताना ठरवायचं. विद्यापीठांचे हे सामने बघायला किती लोक येतात, तर मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणूस बसतं.

आता महत्त्वाची गोष्ट. बाकीच्या जागांवर माणसं आलटूनपालटून खेळतात. पळणारे दोघं-तिघं असतात, बचावात दमलेल्याला बाहेर काढून दुसरा पाठवतात. क्वार्टरबॅक मात्र एकच. तो चांगला असेल तर सगळा हंगाम तोच खेळतो. दुसरा नंबर म्हणजे आपल्याकडच्या दुसऱ्या यष्टिरक्षकासारखा. किरण मोरे असताना चंद्रकांत पंडितला किती वाट पाहावी लागली, आपल्या पिढीला आठवत असेल. फरक एवढाच की पंडित निदान फलंदाज म्हणून तरी संघात येऊ शकत होता. राखीव क्वार्टरबॅकला दुसरं काही करता येत नाही.

हा राखीव मुलगा काही सामान्य नसतो. तो त्याच्या गावातल्या शाळेचा नायक असतो, त्याचं नाव वर्तमानपत्रात आलेलं असतं, प्रशिक्षक त्याच्या घरी येऊन आईच्या हातचं जेवून गेलेले असतात. आणि मग तो विद्यापीठात येतो तर तिथं त्याच्यासारखे आणखी चौघं आधीच बसलेले. सरावात बहुतेक चाली पहिल्या नंबरच्या वाट्याला येतात. उरलेल्यांचं काम काय, तर पुढच्या शनिवारी ज्या संघाशी सामना आहे त्यांच्या क्वार्टरबॅकची नक्कल करायची. म्हणजे आपल्या बचावफळीला सराव मिळावा म्हणून आठवडाभर शत्रू व्हायचं. आणि सामन्याच्या दिवशी कडेला उभं राहून हातवारे करून आतल्याला चाल सांगायची. ते हातवारे मी बघत असे. कित्येकदा दोघं-तिघं एकदम हातवारे करतात आणि त्यातला एकच खरा असतो, बाकीचे प्रतिस्पर्ध्याला फसवायला. म्हणजे राखीवांमध्येही एक खरा राखीव आणि दोन खोटे.

तर या मुलानं थांबावं की दुसऱ्या विद्यापीठात जावं? तिथल्या चहाच्या टपऱ्यांवर, म्हणजे कॉफीच्या दुकानांत, वर्षानुवर्षं चालणारा हा वाद आहे. जुनी माणसं म्हणतात थांबावं, निष्ठा नावाची काही गोष्ट असते. नवी म्हणतात चार वर्षांचं आयुष्य, बाकावर का घालवायचं.

पूर्वी जाणं अवघड होतं. विद्यापीठीय खेळांचं नियमन करणारी एनसीएए नावाची संस्था आहे. तिचा नियम असा की पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतं, आणि फुटबॉलमध्ये विद्यापीठ बदललं तर साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. त्याला एक पळवाट होती : तुम्ही पदवी पूर्ण केली असेल आणि हंगाम शिल्लक असेल, तर नव्या ठिकाणी लगेच खेळता यायचं. ही पळवाट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झालं. म्हणजे एक यादी. मुलानं सांगितलं की मला जायचंय, की विद्यापीठानं दोन कामाच्या दिवसांत त्याचं नाव यादीत घालायचं, आणि मग कुणीही प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकतो. दुसरी बाजूही आहे. नाव घातलं की चालू सत्राच्या शेवटी जुनं विद्यापीठ त्याची शिष्यवृत्ती बंद करू शकतं. लग्नाच्या स्थळासारखं नाही की नाही जमलं तर घरी आहोतच. एप्रिल २०२१ मध्ये एकदा बदलायला वर्षभर न बसता परवानगी मिळाली. एप्रिल २०२४ पासून अभ्यास नीट चालू असेल तर कितीही वेळा बदला. मध्यंतरी जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले, आणि जुलै २०२५ पासून तर विद्यापीठंच आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना पैसे देऊ लागली; एका विद्यापीठाला पहिल्या वर्षी वरची मर्यादा दोन कोटी पाच लाख डॉलरची. आपल्या सहलीची वर्गणी आठवते का?

या वादात एक उदाहरण सगळेच देतात आणि दोन्ही बाजू देतात, म्हणून ते सविस्तर सांगतो. जेलन हर्ट्स. अलाबामा विद्यापीठात २०१६ साली पहिल्याच वर्षी क्वार्टरबॅक झाला. दोन हंगामांत २८ सामन्यांत तो सुरुवातीपासून खेळला आणि त्यातले २६ संघ जिंकला. जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना, अटलांटाला, समोर जॉर्जिया. मध्यंतराला अलाबामा शून्य, जॉर्जिया तेरा. प्रशिक्षक निक सेबन यांनी हर्ट्सला खाली बसवलं आणि तुआ तागोवाइलोआ या पहिल्या वर्षाच्या मुलाला पाठवलं. त्यानं सामना फिरवला, जादा वेळेत ४१ यार्डांचा पास टाकून २६-२३ असा जिंकून दिला. कल्पना करा, २६ सामने जिंकलेला मुलगा, सगळा देश बघतोय, आणि तो कडेला उभा राहून टाळ्या वाजवतोय.

सगळ्यांना वाटलं आता हा जाणार. तो गेला नाही. २०१८ चा पूर्ण हंगाम तुआच्या मागं बसला. आणि १ डिसेंबर २०१८ ला त्याच अटलांटाच्या स्टेडियमवर, त्याच जॉर्जियाविरुद्ध, अलाबामा २८-२१ असं मागं असताना तुआ जखमी झाला. हर्ट्स आत आला. एक टचडाऊन पासवर, एक स्वतः पळून; ३५-२८. मी तो सामना घरी बघत होतो. बायकोला फुटबॉलमधलं काही कळत नाही, तीही उभी राहिली होती.

‘थांबावं’ म्हणणारे गोष्ट इथं संपवतात. पण ती इथं संपत नाही. त्याच महिन्यात हर्ट्सनं पदवी घेतली आणि लगेच ओक्लाहोमा विद्यापीठात गेला. मघाच्या पळवाटेनं, म्हणजे न बसता. २०१९ मध्ये तिथं खेळला, हाइसमन या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात दुसरा आला. पहिला कोण आला? जो बरो. आणि जो बरो कोण? ओहायो स्टेट विद्यापीठात राखीव क्वार्टरबॅक म्हणून बसलेला मुलगा. तीन वर्षांत पदवी घेऊन २०१८ मध्ये एलएसयूला म्हणजे लुइझियानाला गेलेला. २०१९ च्या हंगामात त्यानं टचडाऊनचे ६० पास टाकले, संघ पंधरापैकी पंधरा सामने जिंकला. वाटेत उपांत्य सामन्यात हे दोघं समोरासमोर आले, पुन्हा त्याच अटलांटाच्या स्टेडियमवर. बरोच्या संघानं हर्ट्सच्या संघाचा ६३-२८ असा धुव्वा उडवला. पुढं फेब्रुवारी २०२५ मध्ये हर्ट्सनं फिलाडेल्फियाला व्यावसायिक फुटबॉलचं सर्वोच्च अजिंक्यपद, सुपर बोल, जिंकून दिलं आणि सामन्याचा मानकरीही तोच ठरला.

म्हणजे हर्ट्स थांबला की गेला? दोन्ही. आधी थांबला, कागद हातात घेतला, मग गेला. बरोनंही तेच केलं. मी आमच्या समितीत हे उदाहरण इतक्या वेळा दिलं की सहकारी कंटाळले.

आता नुसते थांबलेले. हर्ट्स आणि तुआ दोघांच्याही मागं बसलेला एक तिसरा मुलगा होता, मॅक जोन्स. तो कुठंच गेला नाही. २०२० मध्ये पाळी आली, तेरापैकी तेरा सामने आणि अजिंक्यपद. टॉम ब्रेडी तर तुम्हीही ऐकला असेल. मिशिगनला सुरुवातीला अगदी तळाला होता, सोडून कॅलिफोर्नियाला जायचं त्याच्या मनात होतं, राहिला. आणि पुढं सात सुपर बोल जिंकला. माझा आवडता मात्र मॅट कॅसल. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात आधी कार्सन पामर, मग मॅट लाइनार्ट. दोघंही हाइसमनवाले. कॅसल क्वार्टरबॅक म्हणून एकाही सामन्यात सुरुवातीला उतरला नाही. विद्यापीठाचं सगळं आयुष्य बाकावर. तरी २००५ मध्ये न्यू इंग्लंडच्या व्यावसायिक संघानं त्याला २३० व्या क्रमांकावर घेतलं, तेही ब्रेडीचा राखीव म्हणून! २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला आणि उरलेला हंगाम कॅसल खेळला. संघ १६ पैकी ११ सामने जिंकला. राखीवपणाचा एवढा दांडगा अनुभव असलेला माणूस दुसरा नसेल.

आणि रागानं गेलेला एक. क्लेम्सन विद्यापीठाचा केली ब्रायंट. २०१८ मध्ये संघ चारपैकी चार सामने जिंकला होता, तरी ट्रेव्हर लॉरेन्स या नव्या मुलाला पहिला केलं. ब्रायंटनं तडक संघ सोडला. चारच सामने झाले होते, म्हणून नियमानं त्याचं वर्ष वाचत होतं. हिशोब चोख होता. पुढच्याच शनिवारी लॉरेन्स जखमी झाला. ब्रायंट असता तर तो आत गेला असता. त्याऐवजी चेस ब्राइस नावाचा मुलगा गेला, त्यानं शेवटी संघाला ९४ यार्ड नेलं आणि सिराक्यूजविरुद्धचा सामना २७-२३ जिंकला. क्लेम्सन त्या वर्षी अजिंक्य झालं. गंमत बघा, हा ब्राइसही पुढं थांबला नाही. त्यानं आधी ड्यूक, मग अॅपलॅचियन स्टेट अशी दोन विद्यापीठं बदलली.

इथवर मी टीव्हीवर दिसलेल्या मुलांबद्दल बोललो. सरांचा प्रश्न त्यांच्याबद्दल नव्हता.

२०२१ च्या वसंतात माझ्याकडं एक मुलगा आला. आमच्याच विद्यापीठाचा, नाव सांगत नाही. माझ्या वर्गात होता, मागच्या बाकावर बसायचा. उंचीमुळं, खोडकर म्हणून नव्हे. बांधकाम व्यवस्थापन शिकत होता. तिसरं वर्ष संपत आलं होतं, संघात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या मध्ये लटकलेला. एकदा बदलायचा नवा नियम तेव्हा ताजा होता. खालच्या विभागातल्या एका छोट्या विद्यापीठानं त्याला कळवलं होतं : ये, आमच्याकडं पहिला क्वार्टरबॅक तूच. आमचे प्रशिक्षक त्याला तीन वर्षं एकच सांगत होते, तुझी वेळ येईल.

तो म्हणाला, “प्रोफेसर, काय करू?”

मी माझं काम केलं. कागद घेतला आणि हिशोब मांडला. तिकडचा नियम असा की खेळायचं तर दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के, चौथ्या वर्षाअखेर ८० टक्के भाग पूर्ण व्हायला हवा. आणि तो भाग त्या-त्या विद्यापीठातल्या त्या-त्या पदवीचा. विद्यापीठ बदललं की सगळी क्रेडिट्स नव्या पदवीत धरली जातातच असं नाही. त्या छोट्या विद्यापीठात बांधकाम व्यवस्थापन नव्हतंच. दुसरी पदवी घ्यायची तर त्याचं निदान एक वर्ष वाढत होतं. इथं मात्र मे २०२२ मध्ये पदवी हातात. शिवाय साथीमुळं २०२० चा हंगाम कुणाचाच मोजला नव्हता, म्हणजे पदवी घेतल्यावरही त्याच्याकडं खेळायला हंगाम उरत होते. मी त्याला हर्ट्स आणि बरो सांगितले. थांब, कागद घे, मग जा. आकडे समोर होते, मुलगा समजूतदार होता. तो थांबला.

त्या नोव्हेंबरात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. त्या दिवशी पदवी घेणाऱ्या मुलांचा निरोप असतो, आईवडील मैदानात येतात. संघ जिंकत होता. शेवटच्या मिनिटाला प्रशिक्षकांनी त्याला आत पाठवलं. तेव्हा करायचं एवढंच असतं की चेंडू घ्यायचा आणि एक गुडघा टेकायचा, घड्याळ संपवायला. त्यानं तीनदा चेंडू घेतला, तीनदा गुडघा टेकला. मी वर स्टँडमध्ये होतो. त्याची आई फोटो काढत होती. एकही पास त्यानं टाकला नाही, कारण टाकायचाच नव्हता.

डिसेंबरात आमचे प्रशिक्षक जास्त पगारावर दुसऱ्या विद्यापीठात गेले. तेच, निष्ठेवर भाषण देणारे. असं काही फक्त आमच्याकडंच झालं असं नाही. त्याच सुमारास लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून सदर्न कॅलिफोर्नियाला गेले आणि त्यांचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स त्यांच्या मागोमाग तिकडं गेला. प्रशिक्षकाला एक वर्ष बसावं लागलंय असं मी कधी ऐकलं नाही. जो माणूस स्वतः केव्हाही उठून जाऊ शकतो त्यानं एकोणीस वर्षांच्या पोराला बेइमान म्हणू नये, एवढं माझं मत पक्कं आहे. नवे प्रशिक्षक आले ते पोर्टलमधून आपला क्वार्टरबॅक घेऊनच. आमचा मुलगा तिसऱ्या क्रमांकावर गेला.

मे मध्ये पदवी मिळाली. त्यानं पोर्टलमध्ये नाव घातलं. फोन आला नाही. प्रशिक्षक सामन्याचं चित्रण मागतात. याच्याकडं चार वर्षांतली तीन गुडघे टेकलेली दृश्यं. ज्या छोट्या विद्यापीठानं बोलावलं होतं त्यांना वर्षापूर्वीच दुसरा मुलगा मिळाला होता. ऑगस्ट आला, सराव सुरू झाले, आणि त्याचं फुटबॉल संपलं. कुणी संपवलं नाही. ते नुसतं थांबलं.

मी संख्याशास्त्र शिकवतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी शिकवतो की युद्धातून परत आलेल्या विमानांवरची भोकं मोजून विमानं कुठं मजबूत करायची ते ठरवू नका; जी परत आली नाहीत त्यांचा विचार करा. आणि मीच त्या पोराला हर्ट्स आणि बरो सांगत बसलो होतो. परत आलेली दोन विमानं. थांबून, पदवी घेऊन, मग पोर्टलमध्ये नाव घालून ज्यांना फोन येत नाही त्यांची नावं मला माहीत नव्हती, कारण ती कुणालाच माहीत नसतात. तशीच, घाईनं गेलेल्या आणि कुठंच न पोचलेल्यांचीही नसतात. पोर्टलमध्ये जाणाऱ्या सगळ्यांना जागा मिळत नाही. कित्येकांचं फुटबॉल तिथंच संपतं, आणि काहींची शिष्यवृत्तीही जाते. म्हणून मी त्याला ‘जा’ म्हणालो असतो तर बरोबर ठरलो असतो, असंही म्हणता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी तो भेटला. आमच्याच राज्यात पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे, चांगलं चाललंय, संध्याकाळी एका शाळेच्या मुलांना क्वार्टरबॅकचं काम शिकवतो. आम्ही कॉफी घेतली. मी विचारलं, माझा सल्ला चुकला का रे? असं विचारू नये खरं तर. विचारणाऱ्याला ‘नाही’ ऐकायचं असतं हे समोरच्याला कळतं. पण तो ‘नाही’ म्हणाला नाही. म्हणाला, “प्रोफेसर, ही नोकरी त्या पदवीमुळं आहे. हिशोब बरोबर होता. पण त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, पदवी किती बाकी आहे. मला खेळायचंय का, हे नाही विचारलंत.”

मी काय बोलणार? तो पुढं म्हणाला की त्या छोट्या विद्यापीठात गेलो असतो तर कदाचित एक हंगाम खेळलो असतो, कदाचित पाच हजार लोकांसमोर, कदाचित हरलोही असतो. पण एकदा तरी कळलं असतं की मला जमतं का. बाकावर बसलेल्याला ते कधीच कळत नाही. हे सांगताना तो रागावलेला नव्हता. शाळेतली पोरं त्याला विचारतात, तुम्ही किती टचडाऊन केलेत, आणि तो खरं सांगतो, हेही त्यानं सांगितलं.

तेव्हापासून माझा क्रम बदलला. समितीवरून मी आता उतरलोय, पण अजून मुलं येतात. मी आधी विचारतो, तुला खेळायचंय की या संघात असायचंय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहींना खरंच त्या संघात, त्या मित्रांत, त्या शनिवारात असायचं असतं, आणि त्यांनी थांबण्यात काही वाईट नाही. मग विचारतो, प्रशिक्षकांनी तुला स्पष्ट सांगितलंय का की तू कितवा आणि का? ‘तुझी वेळ येईल’ याला मी स्पष्ट म्हणत नाही. ते मोघम आहे, आणि मोघम बोलण्यात फायदा बोलणाऱ्याचा असतो, कारण राखीव त्याला हवा असतो. मुलाला म्हणतो, जा आणि तोंडावर विचार. निम्मी मुलं विचारायला घाबरतात. दीडशे किलोच्या माणसाला न घाबरणारी मुलं. आणि पदवीचा हिशोब मी आजही मांडतो, तो सोडलेला नाही. फक्त तो तिसरा मांडतो. ज्याचं पदवीचं एकच सत्र उरलंय त्याला अजूनही ‘थांब’ म्हणतो, आणि म्हणताना माझा आवाज पूर्वीइतका ठाम नसतो.

जुन्या नियमात एक विचित्र चांगलं होतं, हे आता जाणवतं. पदवी घेतली की मोकळे, या पळवाटेमुळं हर्ट्स-बरोसारख्या मुलांना पदवी लवकर पूर्ण करायला कारण मिळत होतं. कुणी तो हेतू ठेवून नियम केला असेल असं मला वाटत नाही. आता केव्हाही मोकळे, म्हणून ते कारण गेलं. तीन वर्षांत तीन विद्यापीठं केलेली मुलं मी बघतो. त्यांच्या गुणपत्रिका तीन भाषांत लिहिल्यासारख्या दिसतात. त्यांना पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत, इतकी वर्षं सगळे त्यांच्यावर कमवत होते. पण राखीव क्वार्टरबॅकला मिळणारे पैसे म्हणजे वर्तमानपत्रात येणारे आकडे नव्हेत, हेही त्यांच्या आईवडिलांना सांगावं लागतं.

काल संध्याकाळपासून आपल्यातही असाच वाद चाललाय, कोण गाव सोडून गेलं आणि कोण राहिलं, आणि कुणाचं बरं झालं. त्यात मी पडत नाही. जेवणाचं सगळं ज्यांनी इथं राहून केलं त्यांच्यासमोर तर मुळीच नाही.

तर सर, तिकडं राखीव पोरांचं काय होतं, या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे, आणि ते कालच्या दोन वाक्यांपेक्षा फार चांगलं नाही. पण एक माझं स्वतःचं विचारायचं राहून गेलंय. दहावीच्या वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आपला एक जण पाय मुरगळून बाहेर आला, तेव्हा तुम्ही आमच्या तिघांकडं बघितलंत. माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलंत असं मला तेव्हा वाटलं होतं. मग दुसऱ्याला पाठवलंत. मी तेव्हा विचारलं नाही. आता चहाच्या सुट्टीत विचारणार आहे, आणि सर, मोघम सांगू नका.